काविळ : आईची शिदोरी बाळाला किती दिवस पुरते?



या पानावर दर अंकी आम्ही बेणे, खत, पाणी, हुमणी असल्या विषयांवर लिहितो. या वेळचा विषय उसाच्या बांधापलीकडचा आहे. पण तो आमच्याकडे आला तो उसाच्याच वाटेने, म्हणून येथे मांडत आहोत.

झाले असे की, लागणीच्या नोंदीसाठी आम्ही एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. नोंद झाली, चहा आला. घरच्या आजी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "साहेब, गावात काविळ आलीया. ह्याला पाचवा महिना लागला. डॉक्टर म्हणतात, काविळीची लस वरसाच्या आत टोचायची नाही. तवर ह्यानं काय करायचं?"

सून आतून म्हणाली, "आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय की, आईकडनं बाळाला आधीच मिळालेलं असतं."

आजी कुठल्या ऐकतात! "अगं, तुला जन्मात कधी काविळ झाली नाही. तुझ्याकडंच न्हाई तर ह्याला काय देणार तू?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही पडलो शेतकी पदविकावाले. उसाच्या गवताळ वाढीबद्दल विचारले असते तर उभ्या उभ्या सांगितले असते. येथे मात्र चहा संपवून गप्प बसावे लागले. नंतर तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे दोनदा जाऊन बसलो, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारले, मिळाले ते वाचले. आजींच्या प्रश्नात किती खोल पाणी आहे ते तेव्हा कळले.

प्रथम एक गोष्ट साफ करून घेऊ. काविळ हे रोगाचे नाव नव्हे, ते लक्षण आहे. पाने पिवळी पडली म्हणजे नत्र कमी, लोह कमी, का मुळाशी पाणी साचले, हे जसे पाहावे लागते, तसेच डोळे पिवळे दिसले म्हणजे कारण शोधावे लागते. लिव्हरला सूज आणणारे विषाणू अनेक. त्यांतील बी आणि सी हे रक्तातून, न उकळलेल्या सुईतून जातात; बी तर बाळंतपणात आईकडून बाळाला लागतो. ए आणि ई हे दोन मात्र पोटातून जातात, म्हणजे रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात, अन्नात, हातावर, आणि तेथून दुसऱ्याच्या तोंडात. आपल्या गावांतून पावसाळ्याच्या तोंडाला जी काविळ येते ती या दोघांपैकी एकाची. आजींचे डॉक्टर ज्या लसीबद्दल बोलत होते ती ए ची.

आता आईकडून बाळाला काय मिळते ते बघू.

ज्याला ए ची लागण एकदा होऊन गेली, त्याच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारी राखणदार द्रव्ये तयार होतात. डॉक्टर त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ती जन्मभर राहतात, आणि त्या माणसाला ए ची काविळ सहसा पुन्हा होत नाही. बाई गरोदर राहिली की हीच द्रव्ये वारेतून आणि नाळेतून बाळाच्या रक्तात उतरतात. उतरण्याचा जोर शेवटच्या तीन महिन्यांत असतो. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला हा वाटा कमी मिळतो. अंगावरच्या दुधातूनही थोडे राखण मिळते, पण ए च्या बाबतीत मुख्य ठेव ही जन्माआधीच बाळाच्या खात्यावर जमा झालेली असते.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही टिपरीतली शिदोरी आहे. आपण दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबतो. कोंब फुटतो, वर येतो, हिरवा दिसतो, पण पहिले काही आठवडे तो जगतो टिपरीत साठलेल्या अन्नावर आणि टिपरीलाच फुटलेल्या बारीक मुळ्यांवर. पुढे कोंबाच्या स्वतःच्या जाड मुळ्या सुटतात आणि टिपरीच्या मुळ्या वाळून जातात. टिपरी सकस असेल तर कोंब तेवढे दिवस तग धरतो. वाळकी, पोकळ असेल तर कोंब तिच्यातून काय ओढणार?

फरक एवढाच की बाळाच्या रक्तातली ही ठेव वाढत नाही, नुसती खर्ची पडते. महिना-सव्वा महिन्याला ती साधारण निम्मी होत जाते. आईकडे भरपूर असेल तर बाळाला पुष्कळ महिने पुरते, थोडी असेल तर लवकर आटते. बहुतेक बाळांच्या रक्तातून ती वर्षाच्या आगेमागे नाहीशी होते. काहींच्यात आणखी दोन-तीन महिने रेंगाळते.

आता आजींचा खरा प्रश्न. सुनेला कधी काविळ झालीच नाही, मग तिच्याकडे ही ठेव आली कोठून?

येथे ए चा एक विचित्र स्वभाव समजून घ्यावा लागतो. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला ए ची लागण झाली तर दहांपैकी सुमारे सात मुलांना काहीच होत नाही. असलीच तर थोडी कणकण, एखादी उलटी, दोन दिवस जेवण कमी. डोळे पिवळे होत नाहीत. आई म्हणते, दात येत असतील. पण आत राखणदार तयार होऊन बसतात. मोठ्या माणसाचे उलटे. त्याला लागण झाली तर दहांपैकी सातांहून अधिकांना रीतसर काविळ होते, महिना-दीड महिना अंथरूण धरावे लागते. म्हणून "मला कधी काविळ झाली नाही" या बोलण्याला अर्थ नाही. लहानपणी आडाचे, ओढ्याचे पाणी प्यायलेल्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येकाला ती झालेली आहे. कळली नाही इतकेच. आजी, तुम्हालाही झालेली असणार.

हे आमच्या मनचे नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतील लोकांचे रक्त १९८२ पासून पुढे अनेक वेळा तपासले. सुरुवातीच्या तपासणीत असे दिसले की दहा वर्षांच्या आतच जवळजवळ सगळ्या मुलांच्या रक्तात ए चे राखणदार असत. म्हणजे त्या काळच्या बहुतेक प्रत्येक आईकडे द्यायला शिदोरी होती, आणि प्रत्येक बाळ ती घेऊनच जन्मत होते. त्या दिवसांत कोणी हा प्रश्न विचारला नाही, कारण प्रश्नच नव्हता.

पुढे १९९८ पर्यंतच्या तपासण्यांत चित्र पालटले. खेड्यांत आणि गरीब वस्त्यांत पूर्वीसारखेच होते. पण शहरातल्या सुखवस्तू घरांतील मुलांच्या रक्तात ए चे राखणदार कमी सापडू लागले. नळाचे चांगले पाणी, घरात संडास, उकळलेले दूध-पाणी; लागण झाली नाही, तर राखणदार कोठून येणार? त्या वेळची ही मुले आज आई-बाप झाली आहेत.

आणि हे पुण्याचेच नव्हे. आपल्या जिल्ह्यातही घरोघरी नळ आले, संडास झाले, कोल्हापूर शहराला २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचे पाणी थेट पाइपलाइनने आले. चांगलेच झाले, कोणी याला वाईट म्हणेल तर आम्ही त्याच्याशी भांडू. परंतु हिशोबात एक नवी ओळ आली आहे ती नजरेआड करून चालणार नाही. एकाच घरात दोन सुना असतात. एक खेड्यात, आडाच्या पाण्यावर वाढलेली. दुसरी फ्लॅटमध्ये, फिल्टरच्या पाण्यावर वाढलेली. दोघी निरोगी, दोघींची बाळे गुटगुटीत. पण पहिलीच्या बाळाजवळ शिदोरी आहे. दुसरीच्या बाळाजवळ ती असेलच असे सांगता येत नाही. वरून बघून ओळखता येत नाही, जसे बेणे वरून बघून आतली गवताळ वाढ ओळखता येत नाही. हवे असल्यास आईच्या रक्ताची तपासणी होते. पण डॉक्टरांनी सांगितले की तेवढ्यासाठी धावपळ करण्याचे सहसा कारण नसते. काय करायचे ते दोघींच्या बाबतीत बरेचसे सारखेच आहे. ते पुढे येईल.

एक मात्र चांगले. जिने लहानपणी ए ची लस घेतली, तिच्या अंगातही राखणदार तयार होतात आणि तीही आपल्या बाळाला ते देते. म्हणजे आज मुलीला टोचलेली लस उद्या नातवाच्या कामी येते.

मग शिदोरी नसलेल्या बाळाला ए झाला तर? येथे आम्ही धास्तावलो होतो, पण डॉक्टरांनी धीर दिला. इतक्या लहान वयात तो बहुतेक वेळा सौम्यच असतो, कळतही नाही. घोर वेगळीकडे आहे. काही न होता ते बाळ आठवडेच्या आठवडे विष्ठेतून विषाणू बाहेर टाकते. लंगोट धुतला जातो, त्याच हाताने भाकरी थापली जाते, आणि महिनाभराने आजारी पडतो तो तिशी-पस्तिशीचा बाप, ज्याने ए कधी पाहिला नाही. कारण लागण झाल्यापासून काविळ दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस, सरासरी चार आठवडे जातात. तोवर कोणाकडून आले याचा पत्ता कोणाला लागणार? मोठ्या वयात हा आजार जड जातो. सर्व वयांचे मिळून हजार रोग्यांत सुमारे तीन दगावतात, पन्नाशीच्या पुढे शंभरात दोनच्या आसपास. केरळात स्वच्छता आपल्याहून चांगली, तरी २०२४ साली तेथे ए च्या साथी आल्या आणि कर्ती माणसे गेली. स्वच्छ वाढलेल्या माणसांत एखादी विहीर बिघडली की असे होते.

आता आपल्याच कोल्हापूरची एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे. तिच्यावाचून हा विषय अर्धा राहतो, आणि आजींच्या सुनेसाठी तोच अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

१९८० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत कोल्हापूर शहरात पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती. जुन्या सभासदांना आठवत असेल. पुण्याच्या त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी येऊन लोकांचे रक्त तपासले. तो अभ्यास १९८४ साली परदेशातल्या आरोग्यविषयक नियतकालिकात छापून आला. पाण्यातून आलेली काविळ म्हणजे ए, असे तोवर सर्वसाधारण धरले जाई. पण मोठ्या माणसांच्या रक्तात तर ए चे राखणदार लहानपणापासूनच होते. मग ए त्यांना पुन्हा कसा होईल? अर्थ एकच, हा चोर दुसरा होता.

असेच कोडे दिल्लीला पडले होते. १९५५-५६ साली यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याची घाण वझिराबादच्या पंपापर्यंत मागे आली. पाण्यात औषध वाढवले; टायफॉइड, हगवण वाढली नाही, पण सुमारे २९,००० लोकांचे डोळे पिवळे झाले. सगळ्यांनी ए असेच मानले. त्या वेळचे जपून ठेवलेले रक्त पुढे तपासले गेले आणि १९८० साली पुण्याच्या व अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मिळून जाहीर केले की तो ए नव्हता, बी पण नव्हता. १९८३ साली रशियाच्या बालायान नावाच्या शास्त्रज्ञाने तर कमालच केली. रोग्यांच्या विष्ठेतून काढलेला अर्क स्वतः प्यायला, आणि झालेल्या काविळीत तो विषाणू दाखवून दिला. त्याच्या रक्तात ए चे राखणदार आधीपासून होते, म्हणूनच हा दुसरा आहे हे ठामपणे म्हणता आले. (असले प्रयोग आम्ही खतांच्या बाबतीतसुद्धा करणार नाही.) या दुसऱ्याचे नाव पडले ई. पुढे १९९४ साली पुण्याच्या संस्थेने देशातल्या पाण्यातून आलेल्या १७ साथींचे रक्त तपासून दाखवले की त्यांतील १६ साथी ई च्या होत्या. आपल्या जिल्ह्यात इचलकरंजीला २०१२ साली हजारो लोकांना झालेली काविळही ई चीच. माणसे दगावली ती सर्वांना माहीत आहे.

हे आईच्या दृष्टीने का महत्त्वाचे? ए ने गरोदर बाईला सहसा विशेष धोका नसतो. दिवस आधी भरण्याची थोडी भीती असते, त्यामुळे डॉक्टरांची नजर हवी. ई मात्र गरोदर बाईचा वैरी आहे. शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर शंभरांतल्या पंधरा ते पंचवीस बाया दगावल्याच्या नोंदी साथींतून आहेत. पोटातल्या बाळालाही तो लागतो. आणि ए विरुद्धची शिदोरी ई ला बिलकूल ओळखत नाही. ई चे राखणदार आपल्याकडे मोठ्या माणसांतही दहांपैकी फार तर चारांच्या अंगी सापडतात, मुलांत तर क्वचितच. त्याची लस आपल्या बाजारात नाही.

तेव्हा गावात काविळीची साथ आहे असे कळले की घरातल्या पोटुशी बाईचे पाणी त्या दिवसापासून उकळून, रटरट उकळी एक मिनिटभर तरी राहू देऊन. कोणती साथ आहे याची वाट बघत बसू नका. तिला मळमळ, अन्नावरची वासना उडणे, गर्द पिवळी लघवी असे काही दिसले तर घरी एक दिवसही ठेवू नका. गावच्या दवाखान्यात थांबू नका, सीपीआरसारख्या मोठ्या इस्पितळात न्या.

लसीकडे परत येऊ. वर्षाच्या आत का टोचत नाहीत? बाळ लहान म्हणून नव्हे. आईचे राखणदार बाळाच्या रक्तात असेपर्यंत लसीतला विषाणू आत शिरला की तेच त्याला धरतात. बाळाच्या शरीराला तो पुरता दिसतच नाही, त्यामुळे ओळख पटत नाही आणि स्वतःचे राखणदार नीट तयार होत नाहीत. राखणदाराने वळू बांधावरूनच परतवला तर नव्या गड्याला वळू कसा असतो हे कळणार कधी? शिदोरी संपत आली की मग लस. आपल्याकडे ती वर्ष पुरे झाल्यावर देतात. एका प्रकारच्या लसीत मेलेला विषाणू असतो. तिचे दोन डोस, मध्ये किमान सहा महिने. दुसऱ्या प्रकारात जिवंत पण दुबळा केलेला. तिचा एक डोस. सरकारी मोफत यादीत ही लस नाही, विकत घ्यावी लागते, आणि स्वस्त नाही. हैदराबादच्या कंपनीने २०२४ साली देशातच बनवलेली लस आणली आहे. कोणती घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. आम्ही खताच्या पोत्याची शिफारस करतो, लसीची करत नाही. बी ची लस मात्र जन्मल्यापासून २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती चुकवू नये.

काही सभासदांच्या मुली-सुना अमेरिकेत आहेत, त्यांच्यासाठी एक माहिती. तेथे २०१८ पासून असा सल्ला आहे की सहा ते अकरा महिन्यांचे बाळ आपल्यासारख्या देशात येणार असेल तर प्रवासाआधी ए चा एक डोस द्यावा. तो पुढच्या दोन डोसांत धरत नाहीत; वर्षानंतर पुन्हा पहिल्यापासून. तेथे वाढलेल्या बऱ्याच आयांजवळ शिदोरी नसते, म्हणून ही तजवीज. नातू गावी येणार म्हणून मांडव घालण्याआधी लेकीला फोनवर एवढे विचारावे.

आता थोडे आमच्या घरचे, म्हणजे तोडणीच्या तळावरचे. लिहायला संकोच होतो, पण लिहितो. काही हंगामांपूर्वी एका तळाला पाणी देण्यासाठी आमच्याच खात्याने ओढ्याकाठची विहीर ठरवली होती. जवळ होती, टँकरची फेरी वाचत होती. तळावर संडास नव्हते. कोप्यांतली माणसे ओढ्यालाच जात. आम्ही टनेज बघत होतो, स्लिपा बघत होतो. विहिरीत कोणी टीसीएल पावडर टाकली का, हे कोणी विचारले नाही. जानेवारीत तीन तरण्या गड्यांचे डोळे पिवळे झाले, कोयते मोडले, एक जोडपे उचल अंगावर घेऊन गावी परतले. तेव्हा आम्ही म्हटले, मोठ्यांनाच झाली, पोरे चांगली आहेत. आज कळते, पोरे "चांगली" दिसत होती म्हणजे काय ते. बीडकडून आलेल्या त्या कोप्यांत अंगावर पिणारी कितीतरी बाळे होती. त्यांची शिदोरी आटत आलेली, आणि पाणी ते तसले. त्या तळावर गरोदर बायाही मोळ्या वाहत होत्या. ती साथ ई ची असती तर काय झाले असते, याचा विचार आम्ही आता करतो.

या हंगामापासून तळाचे पाणी ठरवताना चिटबॉयने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओ.टी. चाचणी करून घ्यावी आणि तारीख तळाच्या वहीत लिहावी, असे आम्ही गट ऑफिसांना कळवले आहे. ज्या सभासदांच्या रानात तळ पडतो त्यांनी आपल्या विहिरीचे पाणी देताना कट्टा, पाझर, वरच्या अंगाला घाण आहे का, एवढे डोळ्यांनी पाहावे. त्या विहिरीचे पाणी आपल्याही घरात येतेच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ज्यांच्या विहिरी बुडाल्या त्यांना हे सांगायला नको.

तान्ह्या बाळांबद्दल एक गैरसमज राहिला. जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळे पिवळी दिसतात. त्याचा पाण्याच्या काविळीशी संबंध नाही. बाळाचे लिव्हर अजून कामाला लागायचे असते, आणि दोन आठवड्यांत ते बहुधा ओसरते. पण पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना, किंवा शी पांढरट होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. "उन्हात धरा, जाईल" असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. आणि आईला काविळ झाली म्हणून अंगावरचे दूध तोडू नये. ए मध्ये दूध चालू ठेवता येते. हात साबणाने धुवायचे. बाकी त्रासाचे डॉक्टर बघतील.

गळ्यात माळ घालणे, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन "काविळ उतरवणे" याने कोणाचे बिघडत नाही, फक्त वेळ जातो. ए ची काविळ बहुधा आपोआप बरी होते, म्हणून माळेचे नाव होते. पण नाकात देवडांगरीचे थेंब सोडतात, त्याने माणसे दवाखान्यात पोचली आहेत. मुलाच्या आणि गरोदर बाईच्या बाबतीत तो विचारच नको. तसेच काविळीला उसाचा रस चांगला, असे आपल्याकडे घट्ट समजतात. आम्ही उसाविरुद्ध कसे लिहिणार? रस खुशाल प्यावा. पण घरच्या धुतलेल्या उसाचा, बर्फाशिवाय. रस्त्याकडेच्या रसवंतीत बर्फ कोणत्या पाण्याचा असतो हे रसवंतीवाल्यालाही ठाऊक नसते, आणि काविळ घालवायला प्यालेला रसच काविळ देऊन जातो. लग्नातल्या पाण्याच्या जारचेही तेच.

परवा पुन्हा त्या वस्तीवर गेलो होतो. आजींना सगळे सांगितले. सून त्याच गावाशेजारची, आडाच्या पाण्यावर वाढलेली. तेव्हा तिच्याकडे शिदोरी असण्याचाच संभव फार, हेही सांगितले. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी आम्ही घाण पाणी प्यालो ते ह्याच्या कामाला आलं म्हणा की." आणि सुनेला हाक मारून त्यांनी चुलीवर पाणी ठेवायला सांगितले. धाकटी सून पुण्याची आहे, तिला सातवा महिना चालू आहे आणि ती बाळंतपणाला पुढच्या महिन्यात येथेच येणार आहे. तिच्या खोलीसाठी झाकणाचे पिंप आणि ओघराळे आजींनी आठवडी बाजारातून आणून ठेवले आहे. बाळाच्या लसीची तारीख कॅलेंडरवर लिहून द्या म्हणाल्या, ती दिली.

हुमणी नियंत्रणावरील लेख जागेअभावी पुढील अंकी.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग